रोग्याला वाळीत टाकणारे कायदे, आणि ते बदलणारे खटले

"डॉक्टर, सर्टिफिकेटवर टीबी लिहू नका ना. नुसतं ताप लिहा."

ही विनंती मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळते. ती करणारा कधी कारखान्यातला कामगार असतो, कधी शाळेतल्या बाई असतात, कधी लग्न ठरलेल्या मुलीचे वडील. आजाराची भीती तर असतेच, पण त्याहून मोठी भीती असते ती आजाराचं नाव चारचौघांत जाण्याची. नोकरी जाईल, घरमालक खोली रिकामी करायला सांगेल, सोयरीक मोडेल. टीबी सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो, हे मी त्यांना सांगू शकतो. बाकीच्या तीन गोष्टींवर माझ्याकडे गोळी नाही.

आजवर इथे आपण शुगर, बीपी, थायरॉईड यांबद्दल बरंच बोललो. आज जरा वेगळा विषय घेऊ. एखाद्याला त्याच्या आजारामुळे नोकरीवरून, शाळेतून, दवाखान्यातून किंवा घरातून बाहेर काढलं, तर कायदा काय म्हणतो? आपल्याकडे काय म्हणतो, आणि इतर देशांत? मी वकील नाही. पण या इतिहासात डॉक्टर पावलोपावली भेटतात, काही वेळा रोग्याच्या बाजूने आणि बऱ्याचदा विरुद्ध बाजूने. त्यामुळे तो एका डॉक्टरने सांगायला हरकत नसावी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. भेदभाव म्हटलं की आपल्याला वाटतं, भेदभाव समाज करतो आणि कायदा तो थांबवतो. आजारांच्या बाबतीत बराच काळ उलटं होतं. भेदभाव कायद्याच्या पुस्तकातच छापलेला होता.

पोलिसाला 'वाटलं' की अटक

सुरुवात कुष्ठरोगापासून करावी लागते. १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गेन शहरात डॉ. गेरहार्ड आरमाउअर हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जिवाणू शोधला. तोवर हा आजार रक्तातून, घराण्यातून येतो असा तिथल्या मोठ्या डॉक्टरांचाही समज होता. जिवाणू सापडला ही विज्ञानाच्या दृष्टीने मोठी गोष्ट. पण लोकांनी त्यातून पहिला अर्थ काढला तो असा, की आजार एकापासून दुसऱ्याला होतो, तेव्हा रोग्याला दूर करा. नॉर्वेने १८७७ आणि १८८५ साली अलगीकरणाचे कायदे केले आणि खुद्द हान्सेन त्यांच्या पाठीशी होते.

याच हान्सेन यांच्यावर १८८० साली खटला झाला, हे फार थोड्यांना माहीत असतं. एका रुग्ण बाईच्या डोळ्यात त्यांनी तिची संमती न घेता संसर्गाचं द्रव्य टोचलं होतं. कोर्टाने त्यांना रुग्णालयातल्या पदावरून दूर केलं. रुग्णाच्या संमतीबद्दल आज आपण जे बोलतो, ते त्या काळात एका कोर्टाने इतक्या स्पष्टपणे बजावलं याचं मला नेहमी नवल वाटतं.

त्याच्याही आधी, १८६५ साली, हवाईच्या राजाने कायदा करून कुष्ठरोग्यांना मोलोकाई बेटाच्या एका टोकाला पाठवायला सुरुवात केली होती. एका बाजूला उभे कडे, तीन बाजूंना समुद्र. हा नियम १९६९ पर्यंत चालू होता आणि तेवढ्या काळात सुमारे ८,००० माणसं तिथे पाठवली गेली. त्यांची सेवा करणारे फादर डेमियन १८८९ मध्ये त्याच आजाराने वारले आणि त्या बातमीने इंग्लंडात घबराट उडाली. साम्राज्यातला सगळ्यात मोठा कुष्ठरोगाचा प्रदेश म्हणजे हिंदुस्थान. तिथे चौकशीसाठी आयोग पाठवला गेला. आयोगाने १८९०-९१ मध्ये देशभर फिरून पाहणी केली आणि निष्कर्ष काढला, की या आजाराची संसर्गशक्ती फारच थोडी आहे आणि सक्तीने अलग ठेवून काही साधणार नाही.

अहवाल छापला गेला, आणि काही वर्षांतच, १८९८ साली, सरकारने 'लेपर्स अ‍ॅक्ट' केला. सरकारच्याच तज्ज्ञांनी एक सांगितलं आणि कायदा दुसरंच बोलला.

या कायद्यातली कलमं वाचण्यासारखी आहेत. कायदा लागू असलेल्या भागात एखादा माणूस भिकारी कुष्ठरोगी आहे असं पोलिसाला दिसलं, तर त्याला वॉरंटशिवाय पकडता येत असे. तपासणी मागाहून. मग डॉक्टरचा दाखला, मग मॅजिस्ट्रेट, मग आश्रमात रवानगी. ती किती काळासाठी, हे कोणी सांगत नसे. शिवाय सरकारला हुकूम काढून कुष्ठरोग्याला काही गोष्टींची बंदी करता येत असे. खाण्यापिण्याचे पदार्थ, औषधं, कपडे तयार करायचे किंवा विकायचे नाहीत. सार्वजनिक विहिरीवर, तळ्यावर पाणी भरायचं नाही. भाड्याच्या गाडीत बसायचं नाही, रेल्वे वगळून. श्रीमंत कुष्ठरोगी मात्र अटकेच्या कलमातून सुटलेला होता. कारण कलम फक्त 'भिकारी' रोग्यासाठी होतं. जिवाणू काही खिसा बघून पसरत नाही, पण हा कायदा खिसा बघत होता.

मुंबईत वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय याच काळातलं, १८९० चं. ते ज्यांच्या नावाने आहे, ते म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ म्हणजे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे तेच. रस्त्यावरचे बेघर कुष्ठरोगी हलवावेत म्हणून ही जागा उभी राहिली. पुढे तिथेच चांगले उपचार झाले, तो भाग वेगळा.

हा १८९८ चा कायदा केंद्राच्या पुस्तकातून कधी गेला असेल? २०१६ साली. स्वातंत्र्यानंतर ६९ वर्षांनी.

जपान: औषध आलं, कायदा हलला नाही

आता जी हकीकत सांगतो ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जपानने १९०७ मध्ये भटक्या कुष्ठरोग्यांसाठी कायदा केला, आपल्यासारखाच. १९३१ मध्ये तो वाढवून सर्व रोग्यांना लागू केला, घरात राहणाऱ्यांनाही. प्रत्येक प्रांताने 'आमच्याकडे एकही कुष्ठरोगी नाही' असं म्हणता यावं म्हणून मोहीम काढली. शेजारी शेजाऱ्याची माहिती देऊ लागले. अधिकारी यायचे, रोग्याला न्यायचे आणि त्याच्या घरावर सगळ्या गावासमोर जंतुनाशक फवारायचे. त्या घरातल्या मुलांशी मग शाळेत कोण बोलणार?

आश्रमात गेल्यावर बरेच जण नाव बदलत, गावाकडच्या नातेवाइकांना झळ लागू नये म्हणून. लग्नाला परवानगी होती, पण त्याआधी पुरुषाची नसबंदी. गरोदर राहिलेल्या बायकांचे गर्भपात केले गेले. आश्रमाच्या संचालकाला शिक्षा करण्याचे अधिकार होते. कुसात्सू या डोंगराळ गावातल्या आश्रमात १९३८ ते १९४७ या काळात एक खास कोठडी होती. हिवाळ्यात तिथे शून्याखाली पंधरा-वीस अंश थंडी. तिच्यात नव्वदहून अधिक रोग्यांना डांबलं गेलं आणि त्यातले वीसहून अधिक मेले. कोर्ट नाही, खटला नाही.

आणि हे सगळं चालवणारे डॉक्टर होते. त्यांतले सर्वांत वजनदार डॉ. मित्सुदा केन्सुके. कुष्ठरोगाच्या शास्त्रात त्यांचं काम खरोखर मोठं आहे, एका त्वचा-चाचणीला आजही त्यांचं नाव आहे. १९५१ साली त्यांना देशाचा सर्वोच्च सांस्कृतिक सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी संसदेपुढे त्यांनी अलगीकरण आणखी कडक करा अशी साक्ष दिली. त्यांच्या विरोधात क्योटो विद्यापीठातले डॉ. ओगासावारा नोबोरू सांगत होते, की या आजाराचा संसर्ग सहजी होत नाही, रोग्याला घरी ठेवून उपचार करता येतात. १९४१ च्या वैद्यकीय परिषदेत सहकाऱ्यांनी त्यांना अक्षरशः घेरलं. ते आपले बाह्यरुग्ण विभागात रोग्यांना तपासत राहिले.

इथे वैद्यकशास्त्राची एक तारीख महत्त्वाची आहे. १९४१ मध्ये अमेरिकेत कार्व्हिल इथे डॉ. गाय फॅजेट यांनी प्रोमिन नावाचं औषध कुष्ठरोगावर वापरून पाहिलं आणि त्याचा गुण आला. युद्धानंतर ते जपानमध्येही पोचलं. म्हणजे आजार बरा होऊ लागला. तरी १९५३ मध्ये जपानने जो नवा कायदा केला, त्यात सक्तीचं अलगीकरण तसंच ठेवलं. रोग्यांनी उपोषणं केली, संसदेसमोर धरणं धरलं. काही उपयोग झाला नाही. तो कायदा रद्द झाला १९९६ साली. औषध आल्यानंतर पन्नास वर्षांनी.

१९९८ मध्ये क्यूशू बेटावरच्या आश्रमांतल्या तेरा जणांनी सरकारवर दावा लावला. ११ मे २००१ रोजी कुमामोतो जिल्हा न्यायालयाने निकाल दिला. निकालाचा गाभा माझ्या शब्दांत सांगतो. निदान १९६० नंतर तरी अलगीकरणाला वैद्यकीय आधार उरला नव्हता, म्हणून आरोग्य खात्याने ते चालू ठेवणं बेकायदा. आणि निदान १९६५ नंतर तरी संसदेने हा कायदा रद्द न करणं, हेही बेकायदा. दुसरं वाक्य पुन्हा वाचा. संसदेने काही *न केल्याबद्दल* कोर्टाने सरकारला नुकसानभरपाई द्यायला लावली. पंतप्रधान कोइझुमी यांनी अपील न करण्याचा निर्णय घेतला आणि महिन्याभरात सर्व रोग्यांसाठी भरपाईचा कायदा झाला.

मग घरच्यांचं काय? ज्या मुलांच्या घरावर फवारणी झाली, ज्यांची लग्नं मोडली, त्यांचं? त्यांच्या दाव्याचा निकाल त्याच कोर्टात २०१९ मध्ये लागला आणि त्याच वर्षी त्यांच्याही भरपाईचा कायदा झाला. आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांना १८ लाख येन. भेदभावाचा घाव एकट्या रोग्याला बसत नाही, त्याच्या अंगणाला बसतो, हे मान्य करून पैसे मोजणारा दुसरा कायदा मला ठाऊक नाही.

आता या सगळ्यानंतर सगळं सुरळीत झालं असेल असं तुम्हाला वाटेल. २००३ मध्ये, म्हणजे त्या गाजलेल्या निकालानंतर दोन वर्षांनी, कुमामोतो प्रांतातल्याच एका गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या हॉटेलाने, पूर्ण बऱ्या झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या गटाला खोल्या नाकारल्या. हॉटेलने मागितलेली वरवरची माफी त्यांनी नाकारली, तेव्हा देशभरातून शिव्यांची पत्रं आली ती हॉटेलला नव्हे, या म्हाताऱ्यांना. तिथल्या आश्रमांत आजही काही माणसं राहतात, सरासरी वय ८५ च्या पुढे. प्रत्येक आश्रमात अस्थी ठेवायची जागा आहे, कारण घरचे न्यायला येत नाहीत.

चार प्रश्न

जपानच्या कोर्टाने मागच्या पापाचा हिशेब केला. अमेरिकेपुढे प्रश्न वेगळा होता: समोरचा माणूस आज संसर्गजन्य असू शकतो, मग त्याला कामावर ठेवायचं की नाही? आपल्या टीबीच्या पेशंटचा प्रश्न नेमका हाच.

फ्लोरिडा राज्यात जीन अरलाइन नावाच्या प्राथमिक शिक्षिका होत्या. १९५७ साली त्यांना टीबी झाला होता, मग वीस वर्षं त्या ठणठणीत. १९७७-७८ मध्ये आजार पुन्हा उलटला आणि १९७९ मध्ये शाळा मंडळाने त्यांना काढून टाकलं. अमेरिकेत १९७३ च्या एका कायद्याप्रमाणे सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वावरून भेदभाव करता येत नव्हता. मंडळाचा युक्तिवाद चलाख होता. आम्ही त्यांना अपंगत्वासाठी काढलं नाही, त्या इतरांना आजार देतील म्हणून काढलं.

१९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा युक्तिवाद फेटाळला. आजाराबद्दल लोकांच्या मनात असलेली भीती आणि गैरसमज हेसुद्धा माणसाला आजाराइतकेच लुळं करतात, असं न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालाचं म्हणणं. पण मला जास्त आवडतं ते पुढचं. न्यायालयाने 'संसर्ग असला तरी ठेवा' असंही म्हटलं नाही. डॉक्टरांच्या संघटनेने सुचवलेले चार प्रश्न त्यांनी स्वीकारले. आजार कसा पसरतो? रोगी किती काळ संसर्गजन्य राहतो? झालाच तर दुसऱ्याला किती इजा होईल? आणि प्रत्यक्षात होण्याची शक्यता किती? या प्रश्नांची उत्तरं त्या माणसाच्या तपासणीवरून द्यायची, आजाराच्या नावावरून नाही. खालच्या कोर्टाने मग ही तपासणी केली आणि अरलाइनबाई शिकवायला लायक होत्या असं ठरलं.

तुमच्या टीबीवर हे चार प्रश्न लावून बघा. साधा, औषधांना दाद देणारा फुप्फुसाचा टीबी असेल आणि औषधं नियमित चालू असतील, तर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका अगदी कमी होतो. गाठीचा किंवा हाडाचा टीबी असेल तर तो शेजारी बसून पसरतच नाही. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत योग्य उत्तर 'थोडे दिवस रजा' एवढंच निघतं. 'राजीनामा' कुठेच बसत नाही.

१९९० मध्ये अमेरिकेने खाजगी नोकऱ्या, दुकानं, दवाखाने या सर्वांना लागू होणारा अपंगत्वाचा मोठा कायदा केला. तेव्हा एक दुरुस्ती पुढे आली: एचआयव्ही असलेल्यांना अन्नपदार्थ हाताळण्याच्या कामावरून हलवायची मुभा द्या. अन्नातून एचआयव्ही पसरत नाही हे तेव्हा सर्वांना माहीत होतं, तरी ही दुरुस्ती एका सभागृहात मंजूर झाली. कारण दिलं गेलं ते गिऱ्हाइकांच्या भीतीचं. आपल्या १८९८ च्या कायद्यातलं खाण्याच्या पदार्थांचं कलम आठवलं ना? शेवटी ती गळाली आणि त्याऐवजी असं ठरलं, की अन्नातून पसरणाऱ्या आजारांची यादी आरोग्य खातं करेल. पुढे १९९८ मध्ये एका दंतवैद्याने एचआयव्ही असलेल्या बाईंचा दात आपल्या दवाखान्यात भरायला नकार दिल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. लक्षणं नसलेली एचआयव्ही-बाधित व्यक्तीही या कायद्याच्या संरक्षणात येते, असं ठरलं.

गोव्यात ६४ दिवस

आपल्याकडे काय चाललं होतं? १९८९ च्या फेब्रुवारीत गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी बोलावून घेतलं. तो नियमित रक्तदान करायचा आणि त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात त्याच सुमारास एक कलम घातलं होतं, की असा माणूस सापडला तर त्याला अलग ठेवायचं. त्याला म्हापशाच्या एका बंद पडलेल्या टीबी सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस एकट्याला ठेवलं. रक्तदान करणाऱ्या माणसाला.

त्याची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे गेली. अंतरिम आदेशाने मुलगा बाहेर आला. पण १९९० च्या अंतिम निकालात न्यायालयाने ते कलम वैध ठरवलं: एकाचा हक्क आणि सर्वांचं हित यांत सर्वांचं हित वरचढ. खरं तर एचआयव्ही हवेतून, स्पर्शातून, भांड्यातून पसरत नाही हे तेव्हा पक्कं ठाऊक होतं. ते चार प्रश्न विचारले गेले असते तर उत्तर वेगळं आलं असतं, असं माझं मत आहे. डॉमिनिक १९९२ मध्ये गेला. जाण्याआधी त्याने गोव्यात 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली. 'माय ब्रदर निखिल' हा सिनेमा त्याच्या आयुष्यावरून सुचलेला.

सात वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याच मुंबई उच्च न्यायालयाने मात्र वेगळी वाट धरली. एका सरकारी कंपनीत रोजंदारीवर असलेल्या कामगाराला कायम करताना रक्ततपासणी झाली, एचआयव्ही निघाला आणि काम बंद. न्यायालयाने विचारलं, हा माणूस काम करू शकतो का? करू शकतो. शेजारच्याला त्याच्यापासून कामाच्या ठिकाणी मोठा धोका आहे का? नाही. मग काढता येणार नाही. निकालात त्याचं नाव छापलं नाही, नुसती अक्षरं वापरली. नाव उघड न करता दाद मागता येते, ही सोय त्यामुळे पुढच्या कित्येकांना मिळाली.

दक्षिण आफ्रिकेच्या संवैधानिक न्यायालयाने २००० साली जवळपास हाच प्रश्न आणखी पुढे नेला. सरकारी विमान कंपनीने जॅक हॉफमन या तरुणाला विमानातल्या सेवकाची नोकरी एचआयव्हीमुळे नाकारली होती. कंपनीचं म्हणणं, प्रवासी घाबरतील, इतर कंपन्याही असंच करतात, धंदा बुडेल. गंमत म्हणजे आधीपासून कामावर असलेल्यांची ही तपासणी कंपनी करतच नव्हती. न्यायालयाने सांगितलं, दुसऱ्यांचा पूर्वग्रह हे भेदभावाचं समर्थन होऊ शकत नाही, नोकरी द्या. आणि हे त्यांनी वर्णभेदाच्या इतिहासाशी जोडलं. गोऱ्या गिऱ्हाइकांना आवडणार नाही, हे कारण त्या देशाने फार वर्षं ऐकलेलं होतं.

आपला एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, नोकरी, शाळा, घरभाडं, दवाखाना, विमा यांत भेदभाव नाही, माहिती गुप्त ठेवायची आणि तक्रारीसाठी प्रत्येक राज्यात लोकपाल. तो खाजगी संस्थांनाही लागू आहे, ही त्यातली मोठी गोष्ट. कारण आपल्या राज्यघटनेतला समानतेचा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो. खाजगी कारखानदार किंवा घरमालक यांच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा लागतो.

बरं झाल्यावरही

कुष्ठरोगाचं मात्र आपल्याकडे घोंगडं भिजतच राहिलं. बहुविध औषधोपचार १९८०च्या दशकात आले. पहिल्या डोसनंतर थोड्याच काळात रोगी संसर्गजन्य राहत नाही. तरी हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. ख्रिस्ती, मुस्लिम विवाहविच्छेदाच्या आणि विशेष विवाहाच्या कायद्यांतही होतं. २००८ साली ओडिशातल्या नगरपालिकेत निवडून आलेल्या एका सदस्याचं पद कुष्ठरोगामुळे गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवलं, मात्र अशा तरतुदी आता हव्यात का याचा विचार विधिमंडळांनी करावा असंही सुचवलं. विधी आयोगाने २०१५ मध्ये अहवाल दिला. विवाहाच्या कायद्यांतलं ते कारण १ मार्च २०१९ पासून गेलं. बाबा आमटे स्वतः वकील होते आणि त्यांनी आनंदवन सुरू केलं. आनंदवन उभं राहिल्यापासून घटस्फोटाचं हे कलम जाईपर्यंत कित्येक दशकं गेली. राज्यांच्या कायद्यांत अशा तरतुदी आजही शिल्लक आहेत.

युरोपात आता चर्चा बऱ्या झालेल्यांची आहे, आणि ती तुमच्यापैकी अनेकांच्या कामाची. फ्रान्सने १९९० मध्येच प्रकृतीवरून केलेला भेदभाव फौजदारी गुन्हा ठरवला. २०१६ मध्ये तिथे 'विसरलं जाण्याचा हक्क' आला: कॅन्सरचे उपचार संपून ठरावीक वर्षं झाली आणि आजार उलटला नाही, तर घराच्या कर्जाचा विमा काढताना तो सांगायचीच गरज नाही. आधी ही मुदत दहा वर्षं होती, २०२२ मध्ये पाच केली. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याप्रमाणे नोकरी देऊ करण्याआधी प्रकृतीचे प्रश्न सहसा विचारता येत नाहीत. आखाती देशांत मात्र आजही कामाच्या व्हिसासाठी एचआयव्ही आणि छातीचा एक्स-रे तपासला जातो आणि दोष निघाला की परत पाठवलं जातं; तिकडे जाणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावं.

आता आपल्या टीबीच्या पेशंटसाठी. एचआयव्हीसारखा स्वतंत्र कायदा टीबीसाठी आपल्याकडे नाही, ही वस्तुस्थिती आहे. २०१२ पासून टीबीची नोंद सरकारकडे करणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. पण ती नोंद आरोग्य खात्याकडे जाते, तुमच्या मालकाकडे नाही. तुमच्या संमतीशिवाय डॉक्टरने ती मालकाला सांगायची नसते. सर्टिफिकेटवर खोटं निदान मी लिहू शकत नाही. पण 'उपचार चालू आहेत, अमुक तारखेपासून कामावर यायला योग्य' एवढं लिहून आजाराचं नाव गाळता येतं, आणि ते खोटं नसतं. कोणी कामावरून काढलं तर तोंडी निरोपावर घरी बसू नका, लेखी कारण मागा आणि औषधांचा, थुंकी तपासणीचा कागद जपून ठेवा. कोर्टात त्या चार प्रश्नांची उत्तरं त्याच कागदातून निघतात. महिला, कारखान्यातले कामगार, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कमी उत्पन्नाचे आणि अपंग व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कुष्ठरोगातून बरे झालेलेही २०१६ च्या कायद्याने अपंग व्यक्तींत मोडतात. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं आणि मदतीचा फोन नंबर १५१०० आहे.